ओपीडीतली मराठी टिपायची आहे: परवानगी, ध्वनिमुद्रण, चर्चासत्र, पुस्तिका

हळदपेठ, सांगली

नमस्कार. आमचा मेडिसिन विभाग आणि इथल्याच एका कला महाविद्यालयाचा मराठी विभाग मिळून एक काम हाती घेत आहोत. पेशंट आपलं दुखणं ज्या शब्दांत सांगतात ते शब्द वाक्यांसकट गोळा करायचे, कारण केसपेपरवर ते उरत नाहीत. एक बाई सांगते, ‘उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते.’ शेजारचा सांगतो, ‘कूस बदलली की घर फिरल्यागत होतं.’ तिसरी म्हणते, ‘चालताना तोल जातो.’ तिघांच्या कागदावर एकच शब्द पडतो, ‘गिडिनेस’. खरं तर पहिलीचा रक्तदाब झोपवून आणि उभं करून मोजायला हवा, दुसऱ्याचा आतला कान तपासायला हवा आणि तिसरीचा लहान मेंदू व पायांची संवेदना पाहायला हवी. शब्द गाळला की तपासणीची दिशाही हरवते.

बेत असा आहे: डिसेंबर ते फेब्रुवारी ६० पेशंटच्या मुलाखती, मार्चमध्ये एक दिवसाचं चर्चासत्र, त्यानंतर पुस्तिका आणि एखाद्या नियतकालिकात लेख. पुस्तिकेत डाव्या बाजूला मराठी शब्द आणि उजवीकडे इंग्रजी वैद्यकीय संज्ञा, अशी यादी मनात आहे.

जाणकारांना विचारायचं ते असं. औषध द्यायचं नाही, सुई टोचायची नाही, नुसतं बोलायचं आहे. तरी नीतिसमितीची परवानगी लागेल का? मुलाखत ओपीडीतच घ्यावी का? बोली जशीच्या तशी लिहावी की प्रमाण मराठीत? आणि वैद्यकीय मानव्यविद्येतलं (वैद्यक आणि भाषा, साहित्य, कला यांना जोडणारं) असं काम छापतं कोण?

घाटमाथा, सातारा

डॉक्टर, परवानगी लागेल. पेशंटशी पद्धतशीर बोलून माहिती जमवली आणि ती छापली, की ते माणसांवरचं संशोधन ठरतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तपासणीचे तीन मार्ग आहेत: सूट, जलद तपासणी आणि पूर्ण समितीपुढची तपासणी. धोका नगण्य असेल तर सूट किंवा जलद मार्ग मिळू शकतो. पण ‘आपल्या कामाला सूट आहे’ हे संशोधकानं ठरवायचं नसतं. समिती ठरवते, तेही लेखी. मुलाखती उरकून मागाहून मंजुरी मागितली तर ती मिळत नाही, आणि नियतकालिकं लेखासोबत मंजुरीचा क्रमांक व तारीख मागतात. बरीच चांगली कामं इथेच अडकून पडतात.

समितीत ७ ते १५ सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि कोरमला किमान ५ जण लागतात. त्यात एक समाजशास्त्राचा जाणकार असतो आणि एक सर्वसामान्य नागरिक असतो. अर्ज या दोघांना एका वाचनात कळेल असा लिहा. हमखास येणारा आक्षेप म्हणजे ‘६० हा आकडा कुठल्या सूत्रानं काढला?’ हे गुणात्मक काम आहे, नवे शब्द यायचे थांबेपर्यंत मुलाखती घेणार, ६० ही कमाल मर्यादा आहे, असं आधीच लिहून ठेवा. सोबत मराठी माहितीपत्रक, संमतीपत्र, प्रश्नांचा आराखडा आणि ध्वनिफिती कुठे, किती काळ, कुणाच्या ताब्यात राहतील याचा अर्धा पानभर मजकूर जोडा. हे शेवटचं बहुतेक अर्जांत नसतं.

संमती एका सहीत उरकू नका. चार वेगळ्या चौकटी ठेवा: बोलणं आणि रेकॉर्ड करणं, नाव न देता वाक्यं छापणं, आवाज सभागृहात ऐकवणं, ध्वनिफीत पुढच्या अभ्यासकांसाठी जपून ठेवणं. पहिल्या दोन्हींना हो म्हणणारा माणूस तिसरीला नाही म्हणू शकतो. आवाज हीच ओळख असते. गावातला कुणीही दोन वाक्यांत ओळखतो. आवाजाची संमती मुलाखत संपल्यावर पुन्हा विचारा, कारण आपण काय बोलून गेलो हे माणसाला तेव्हाच कळलेलं असतं.

संमतीपत्राची भाषा बदला. ‘अभ्यासातून कोणत्याही टप्प्यावर माघार घेण्याचा आपणास अधिकार आहे’ हे वाचून दाखवलं तरी पोचत नाही. ‘मधेच नको वाटलं तर सांगा, आपण थांबू. तुमच्या औषधपाण्यात काही फरक पडणार नाही’ हे पोचतं. लिहिता-वाचता न येणाऱ्यांचा अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. १८ वर्षांखालच्यांना या फेरीत घेऊ नका; त्यांच्यासाठी पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची तयारी असे दोन वेगळे कागद लागतात.

सगळ्यात मोलाचं: जो डॉक्टर उपचार करतोय त्यानं संमती मागू नये. समोर बसलेला माणूस त्याला नाही म्हणूच शकत नाही. ओपीडीच्या रांगेतही मुलाखत नको. नंबर जाईल या धास्तीनं पेशंट तुम्हाला हवं ते उत्तर देऊन सुटका करून घेतो. रक्ताचे रिपोर्ट यायची वाट बघत बसलेला वेळ धरा. तपासून झालेलं असतं, जायची घाई नसते. बाजूची एखादी खोली, दोन खुर्च्या, प्यायचं पाणी.

ओळख लपवणं म्हणजे नाव खोडणं एवढंच नव्हे. विट्याच्या बाजूचं एखादं छोटं गाव, परप्रांतात गलाईचा (सोनं-चांदी गाळायचा) धंदा आणि एखादा क्वचित आढळणारा आजार, एवढं एकत्र छापलं की माणूस उघडा पडतो. गावाऐवजी तालुका, नेमक्या वयाऐवजी दशक लिहा, आणि धंदा तेव्हाच लिहा जेव्हा तो शब्दाशी जोडलेला आहे. एचआयव्ही आणि मानसिक आजार यांच्या गोपनीयतेचे २०१७ चे दोन स्वतंत्र कायदे आहेत, तिथे आणखी जपून.

मुलाखतीत कुणी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं तर काय करायचं, हेही अर्जात हवं: रेकॉर्डिंग थांबवणं, माणसाला एकटं न सोडणं, त्याच दिवशी मानसोपचार विभागात पोचवणं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक माहितीपत्रकावर छापा.

शब्दवेल्हाळ, कराड

परवानगीचं वर आलंच आहे. शब्दांचं सांगते.

पहिली हरकत तुमच्या यादीच्या रचनेला. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, अशी एकास एक यादी केलीत तर केसपेपरवर जे होतं तेच पुस्तिकेत होईल. ‘पित्त’ घ्या. पित्तानं छातीत जळजळतं, पित्तानं डोकं चढतं आणि उलटी झाली की उतरतं, अंगावर पित्त उठतं. एका शब्दात आम्लपित्त, अर्धशिशी आणि अंगावरच्या गांध्या, तिन्ही आलं. उजव्या बाजूला काय लिहिणार? ‘अंग’ या शब्दाचा पसारा तर त्याहून मोठा. दुखणं अंगावर काढणं म्हणजे उपचार न करता सोसणं. अंगावरून जाणं म्हणजे बाईचा स्राव, पांढरा किंवा लाल. अंगावरून वारं जाणं म्हणजे लकवा. अंग बाहेर येणं म्हणजे गर्भाशय खाली सरकणं. अंगावर पाजणं म्हणजे बाळाला दूध देणं. शब्द एकच, पण क्रियापद बदललं की विभाग बदलतो. म्हणून नोंदीचं एकक शब्द नको, वाक्य हवं.

आपल्या द्राक्ष पट्ट्यात सगळ्यात सांभाळायचा शब्द ‘औषध’. तासगाव-पलूसकडं ‘औषध मारलं’ म्हणजे बागेवर फवारणी केली. ‘औषध घेतलं’ म्हणजे गोळी खाल्ली, किंवा दुकानातून फवारणीचा डबा आणला. आणि ‘औषध प्यायला’ याचा अर्थ घरातल्या माणसांनी दबक्या आवाजात सांगितला तर बहुतेक वेळा विषप्राशन. बाहेरून आलेल्या इंटर्नला हा फरक कुणी सांगत नाही. या एका शब्दाला पुस्तिकेत अख्खं पान द्या.

नोंदीसाठी प्रत्येक शब्दाचं एक कार्ड करा. त्यावर अख्खं वाक्य, जसं बोललं तसं. बोलताना हात कुठे गेला आणि कसा गेला: मूठ आवळून छातीवर, की एक बोट बरगडीवर, की तळहात पोटावर गोल फिरवत. हे ध्वनिफितीत येत नाही, म्हणून मुलाखत घेणाऱ्याशेजारी टिपणारा दुसरा माणूस हवा. मग ‘म्हणजे कसं?’ या प्रश्नाला आलेलं उत्तर. मग जवळच्या शब्दाशी फरक. शेवटी त्याच पेशंटच्या केसपेपरवर डॉक्टरांनी काय लिहिलं ते. तुमच्या लेखाचा जीव याच रकान्यात आहे.

फरक विचारण्याची रीत महत्त्वाची. ‘ठणका म्हणजे काय?’ असं विचारलं तर माणूस गोंधळतो. ‘ठणका आणि ठसठस एकच का?’ म्हटलं की लगेच सांगतो: ठणका जोरात मारतो, रात्री झोपू देत नाही, ठसठस गळवाची, आत पू धरल्यावरची. तसंच कळ आणि चमक, सणक आणि उसण, रग आणि कणकण, चुरचुर आणि जळजळ. जोड्या लावून विचारा.

इंग्रजीत वेदनेचे अभ्यासक मेलझॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली तिच्यात ७८ शब्द २० गटांत आहेत. तिचं भाषांतर घेऊन पेशंटपुढं बसू नका. त्यातल्या कित्येक छटांना आपल्याकडे सुटा शब्द नाही, आणि आपल्या ‘कसंनुसं होतंय’ला तिथे जागा नाही. शब्द खालून वर यायला हवेत. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ क्लाइनमन यांचे आजाराबद्दलचे आठ प्रश्न मात्र आधाराला घ्या, पण बोलीत वळवून. ‘तुम्हाला हा आजार कशामुळे झाला असं वाटतं?’ असं विचारलं की ‘ते तुम्हालाच ठाऊक’ हे उत्तर ठरलेलं; माणसाला ती परीक्षा वाटते. ‘घरात काय म्हणतात? म्हातारी माणसं याला काय नाव देतात?’ असं विचारलं की नजर, बाहेरचं, वात, गारठा, कष्ट, सगळं मोकळेपणी निघतं. भीतीचा प्रश्न वगळू नका: ‘यातलं सगळ्यात कशाचं भ्या वाटतं?’ आणि कामाचा: ‘यानं तुमचं काय काय अडलं?’

बोली जशीच्या तशीच लिहा. ‘लै’, ‘व्हतं’, ‘नगं’, ‘हाय’, ‘म्हंजी’ यांना हात लावू नका. फोनमधलं आपोआप लिहिणारं सॉफ्टवेअर ‘व्हतं’चं ‘होतं’ करून टाकू शकतं, त्यामुळे ते वापरलंत तर ओळन् ओळ पुन्हा ऐकून ताडा. बोलीतल्या एका तासाच्या ध्वनिफितीला लिहून काढायला सहा ते आठ तास धरा. दमादमानं बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला जास्त. थांबणं, सुस्कारा, हुंदका कंसात लिहा. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. छापखान्याच्या सोयीसाठी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलात तर पुढे शोध चालत नाही, आणि रूपांतर करताना ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्या’ यांतला र्‍ हमखास मोडतो.

ध्वनिमुद्रण फोनवर चालेल, पण फोन विभागाचा हवा, कुणाच्या खिशातला नको. खासगी फोनमधलं बरंच काही आपोआप क्लाउडवर चढतं. विमान मोड, पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, खाली दुमडलेला रुमाल म्हणजे टेबलाचा ठोका येत नाही. डब्ल्यूएव्ही, मोनो, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिटला तासाला सुमारे ३४५ एमबी लागतात. फाइलच्या नावात पेशंटचं नाव नको, सांकेतिक क्रमांक घाला, आणि क्रमांक-नावाची वही वेगळ्या कपाटात. लिहून काढलेला मजकूर व्हॉट्सअॅपवरून फिरवू नका. पाच फोनांत राहतो तो मग निघत नाही.

६० जण ओपीडीच्या क्रमानं उचलू नका. मिरजेला १८९४ पासून मोठं रुग्णालय आहे आणि रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे बेळगाव, विजापूरकडूनही माणसं येत आली आहेत. मुलाखत कुठे घेतली यापेक्षा माणूस कुठला हे पाहा: शिराळ्याचा डोंगराळ भाग, वाळव्याचा ऊसपट्टा, आटपाडी-माणचा दुष्काळी पट्टा. ऊसतोडीला बीडकडून आलेल्यांची बोली वेगळी, त्यांचं एक वेगळं पुडकं करा; गळीत हंगाम तुमच्या डिसेंबर-फेब्रुवारीतच येतो. लागोपाठ तीन मुलाखतींत नवा शब्द आला नाही की त्या गटात थांबा.

जुने शब्द ताडून पाहायला मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. तिथे नसलेला शब्द म्हणजे चुकीचा शब्द नव्हे. तो नवीन नोंद आहे, खूण करून ठेवा.

हळदपेठ, सांगली

यादीची रचना बदलतो, वाक्य हेच एकक. आणखी दोन शंका. बायकांच्या दुखण्याचे शब्द पुरुष विद्यार्थ्यांसमोर येतील का? आणि कर्नाटकच्या सीमेवरच्या जत तालुक्यातल्या पेशंटचं काय? बरेचजण मराठी समजतात, पण दुखणं सांगायला लागले की कन्नडवर जातात.

जतकर

जतच्या पूर्व भागातला माणूस मराठीत बाजार करतो, शाळा मराठीत शिकतो, पण पोट दुखलं की कन्नडच तोंडात येतं. त्याला मराठीत बोलायला लावून शब्द घेतलेत तर तुम्हाला त्याची शाळेची मराठी मिळेल. दुभाषा नातेवाईक नको. सून सासूचं भाषांतर करते तेव्हा अर्धं गाळते, उरलेलं सभ्य करते. तिथलाच, वैद्यकीय कामाशी संबंध नसलेला कन्नड बोलणारा पदवीधर शोधा आणि त्यालाच लिहून काढू द्या.

मराठी कानानं कन्नड ऐकलं तर काय होतं, एक उदाहरण. कन्नडमध्ये ‘उरी’ म्हणजे आग, जळजळ. ‘होट्टी उरी’ म्हणजे पोटात आग पडणं, शिवाय मत्सरालाही तेच म्हणतात. मराठी लिहिणाऱ्याला ‘उरी’ म्हणजे उरात, छातीत, असं वाटतं आणि पोटाचं दुखणं छातीत जाऊन बसतं. ‘नोवु’ (दुखणं), ‘तले सुत्तु’ (चक्कर) असे शब्द देवनागरीत लिहा, पण शेजारी कन्नड लिपीतली नोंद मूळ कार्डावर ठेवा.

बायकांचं: मुलाखत घेणारी बाईच हवी, टिपणारीही. खोलीत सासू, नवरा, मोठी जाऊ नको. ‘पिशवी काढली’ (गर्भाशय काढलं), ‘पांढरं जातं’, ‘बाजूला बसले’ (पाळी आली) हे शब्द बाई बाईला सहज सांगते. ‘पिशवी’ ऐकलं की कधी काढली, कुणी सांगितलं, काय त्रास होता म्हणून काढली, हे हळूच विचारा. ऊसतोड कामगार बायकांत या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका मोठा होता की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्यामुळे तो शब्द नुसत्या कोशाचा राहत नाही.

तिसरी घंटा, मिरज

चर्चासत्राबद्दल. दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, प्रास्ताविक यात साडेअकरा वाजतात आणि मूळ काम जेवणानंतर सुस्तावलेल्या लोकांपुढं येतं. साडेनऊला थेट एका पेशंटचं पानभर बोलणं वाचून सुरुवात करा. आवाजाची संमती असेल तर आवाजच ऐकवा.

सभागृहात २०० माणसं भरण्यापेक्षा ४० जण आणि चार वर्तुळं ठेवा. प्रत्येक वर्तुळात दोन निवासी डॉक्टर, दोन परिचारिका, मराठीचे दोन-तीन विद्यार्थी, एक-दोन इंटर्न, एक आशा कार्यकर्ती. आशाताईंना विसरू नका. पेशंटचं गावातलं वाक्य आणि दवाखान्यातलं वाक्य दोन्ही त्याच ऐकतात. सगळ्यांच्या हातात तेच पान. एकानं मोठ्यानं वाचायचं, मग पाच मिनिटं प्रत्येकानं लिहायचं: या माणसाला नेमकं काय सांगायचं होतं आणि ते कुठल्या शब्दावर अडलं? लिहिलेलं वाचून दाखवायचं, त्यावर निदान सांगायला मनाई. डॉक्टर मंडळी दुसऱ्याच मिनिटाला निदानावर जातात, वर्तुळप्रमुखानं तिथे थोपवायला हवं. अमेरिकन डॉक्टर रीटा शॅरन यांनी कोलंबिया विद्यापीठात रुजवलेली कथनवैद्यकाची पद्धत मुळात हीच आहे: बारकाईनं वाचणं, लगेच लिहिणं, ऐकवणं. त्यांचा समांतर केसपेपरही इंटर्नकडून आठवडाभर आधी लिहून घ्या. अधिकृत कागदावर जे लिहिता येत नाही ते साध्या मराठीत, एक पान, पेशंटची ओळख न देता.

दुपारी मंचनाट्य ठेवा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केलं त्या सांगलीत नट शोधावे लागणार नाहीत. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगुस्तो बोआल यांच्या पद्धतीत सहा-सात मिनिटांचा प्रसंग एकदा सलग दाखवतात: बाई सांगतेय, डॉक्टर मान वर न करता लिहितोय, तिचं वाक्य अर्ध्यात तुटतं. मग तोच प्रसंग पुन्हा, आणि आता प्रेक्षकांतला कुणीही ‘थांबा’ म्हणून त्या बाईच्या जागी उभा राहतो आणि वेगळं करून बघतो. दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ही पद्धत वापरली गेली आहे. बिघडतं ते दोन ठिकाणी. प्रेक्षक डॉक्टरची जागा घेतो आणि त्याला अचानक देवमाणूस करून टाकतो. प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, सुटत नाही. बदल दबलेल्या पात्रातच करायचा, हा नियम सूत्रधारानं आधी सांगावा. दुसरं, मुलाखतीतल्या खऱ्या पेशंटचा प्रसंग उचलू नका. दोन-तीन प्रसंगांचं मिश्रण करा, नाहीतर वर घाटमाथांनी सांगितलेली सगळी काळजी रंगमंचावर वाया जाते.

डॉक्टरांनी यावं असं वाटत असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे गुण आधी मंजूर करून घ्या. नोंदणी नूतनीकरणाला ५ वर्षांत ३० गुण लागतात. मराठीच्या मंडळींनाही यायचंय तर २७ फेब्रुवारीचा आठवडा टाळा, मराठी भाषा गौरव दिनामुळे सगळे विभाग अडकलेले असतात. मार्चमध्येही विद्यापीठाच्या परीक्षांचं वेळापत्रक पाहून दिवस ठरवा.

वाईचा वाचक

प्रकाशनाचा क्रम आधी ठरवा. पुस्तिका आधी काढली आणि तिचाच मजकूर लेखात आला तर संपादक ‘पूर्वप्रकाशित’ म्हणून परत पाठवतात. चर्चासत्रात सादर केलेला गोषवारा सहसा आड येत नाही, छापलेली शब्दसूची येऊ शकते. एक तर लेख आधी पाठवा, किंवा दोन्हींचा गाभा वेगळा ठेवा: लेखात पेशंटचं वाक्य आणि केसपेपरवरची नोंद यांतली दरी, पुस्तिकेत शब्द. काय कुठे छापलंय ते सोबतच्या पत्रात उघड लिहा.

कुठे पाठवायचा? मुंबईहून १९९३ पासून निघणारं इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स लेखकांकडून पैसे घेत नाही आणि अशा कामाला ते अगदी योग्य. वैद्यकीय शिक्षणातल्या मानव्यविद्येसाठीच २०१४ मध्ये सुरू झालेलं ‘राइम’ ऑनलाइन आहे. इंटर्नचे समांतर केसपेपर, कविता, चिंतनपर टिपणं यांना तिथे जागा आहे. परदेशातलं बीएमजे गटाचं मेडिकल ह्युमॅनिटीज २००० पासून निघतं. तिथे लेख सर्वांना खुला ठेवायचा तर मोठं शुल्क पडतं, पण वर्गणीदारांपुरता ठेवल्यास नाही. पाठवताना योग्य पर्याय निवडा. भाषेची बाजू मराठीतच लिहा. पुण्याच्या मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’ यासाठी आहे. वैद्यकातले पारिभाषिक शब्द आजवर कोशांतून खाली आले. तुमचे शब्द उलट दिशेनं निघालेत, आणि भाषेच्या अभ्यासकांपुढं ते इंग्रजीत मांडणं मला पटत नाही.

४८ तासांत स्वीकृती आणि सोबत शुल्काची पावती, असा मेल आला की तिकडे फिरकू नका. संपादक मंडळातल्या दोन व्यक्ती त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर खरंच आहेत का ते पाहा, आणि डीओएजे या खुल्या नियतकालिकांच्या यादीत ते आहे का तेही. पदोन्नतीत लेख मोजायचा असेल तर कुठल्या सूचीतली नियतकालिकं ग्राह्य आहेत हे पाठवण्याआधी महाविद्यालयाकडून लेखी घ्या.

लेख लिहिताना कोरेकचे ३२ मुद्दे समोर ठेवा (२००७ मध्ये प्रसिद्ध झालेली, मुलाखतींवरच्या संशोधनाची तपासयादी). त्यात मुलाखत कुणी घेतली, त्याची पेशंटशी आधीची ओळख, खोलीत आणखी कोण होतं, हे सगळं विचारतात. पहिल्या मुलाखतीपासून नोंद नसेल तर नंतर आठवून लिहिता येत नाही. उद्धृतं मूळ मराठीत देवनागरीत द्या, खाली इंग्रजी. शब्दमर्यादा आड आली तर मूळ वाक्यं पुरवणीत टाका, पण गाळू नका. परीक्षकाला तुमचं भाषांतर ताडून पाहता यायला हवं. लेखकांची नावं सुरुवातीलाच ठरवा. शब्दांचे अर्थ ठरवणारे मराठीचे प्राध्यापक सहलेखक आहेत, आभारात ढकलायचे नाहीत.

पुस्तिका ६४ पानांची धरा: सोळा पानी चार फॉर्म, मधोमध पिन मारून होते, बांधणीचा खर्च वाचतो. आकार एप्रनच्या खिशात मावेल असा. आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, अर्ज ऑनलाइन करायचा. छपाईला देण्याच्या दिवशी आठवण झाली तर उशीर झालेला असतो. प्रकाशक म्हणून कुणाचं नाव जाणार हे दोन्ही महाविद्यालयांनी आधी ठरवावं, अर्जात बदलणं त्रासाचं. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि ठरवून दिलेल्या इतर ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. लहान पुस्तिका म्हणून हे टाळू नका, पन्नास वर्षांनी शोधणाऱ्याला ती तिथेच सापडेल. शब्दकार्डांचा तक्ता झेनोडो या संशोधन-साठवणीच्या संकेतस्थळावर ठेवला तर डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) मिळतो, शुल्क नाही. तिथे फक्त चौथ्या चौकटीला हो म्हणालेल्यांचाच मजकूर.

हळदपेठ, सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्ज पुढच्या बैठकीत ठेवतो. पहिल्या आठ मुलाखती चाचणी म्हणून घेऊन प्रश्न दुरुस्त करायचा विचार आहे.

घाटमाथा, सातारा

चाचणीच्या मुलाखतीही मंजुरीनंतरच, त्यांचीही संमती तशीच. आणि कन्नड माहितीपत्रक व संमतीपत्र याच अर्जाला जोडा, सोबत ते उलट मराठीत करून ताडल्याचा कागद. नंतर सुचलं म्हणून जोडायला गेलात तर दुरुस्तीचा वेगळा अर्ज, वेगळी बैठक, आणि तोवर जतच्या मुलाखती बंद. दुरुस्त केलेले प्रश्नही समितीला कळवावे लागतील, तेव्हा आराखड्यात ‘चाचणीनंतर शब्दयोजना बदलू, विषय बदलणार नाही’ हे वाक्य आत्ताच घाला.